सह्याद्री-सातपुड्यातली घुबडं: नवख्यांनी कुठून सुरुवात करावी

घुबडं बघायची म्हटली की नवखा माणूस आधी मोठी बॅटरी विकत घेतो आणि रात्री दहानंतर जंगलाचा रस्ता धरतो. बॅटरीचे पैसे वाचवा आणि वेळही बदला. आपल्या डोंगरांत घुबडं गाठायची तर सूर्य बुडाल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास सगळ्यात चांगला. तेव्हा आभाळात थोडा उजेड शिल्लक असतो, झाडाखाली मात्र अंधार झालेला असतो. त्यातही आधी त्यांचा आवाज कळतो, पक्षी नंतर दिसतो. काही जाती तर भर उन्हात शिकार करतात, त्यांच्यासाठी रात्र जागवायची गरजच नाही.

पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमाने घ्या. पहिलीवर महिना गेला तरी बिघडत नाही. हंगाम म्हणाल तर दिवाळीनंतर मार्चअखेरपर्यंत. बऱ्याच जातींची वीण याच काळात असते, म्हणून त्या जास्त बोलतात. सातपुड्यात फेब्रुवारीपासून सागाची पानं झडून फांद्या उघड्या पडतात, त्याचाही फायदा होतो. पावसाळ्यात बेडकांच्या आणि रातकिड्यांच्या गजरात काही कळत नाही.

पायरी पहिली: आधी गावातला पिंगळा

कुठलंही एक घुबड आधी रोजच्या ओळखीचं झालं पाहिजे, आणि त्यासाठी पिंगळ्यासारखा पक्षी नाही. पुस्तकांत तो स्पॉटेड आउलेट म्हणून सापडेल. जेमतेम वीतभर, साधारण २१ सेंटिमीटर. वड, पिंपळ, चिंच, जुना आंबा यांच्या ढोलीत किंवा पडक्या वाड्याच्या भिंतीतल्या भोकात जोडीने राहतो. दिवेलागणीला बाहेर येऊन ढोलीच्या तोंडाशी नाहीतर विजेच्या तारेवर बसतो, तुमच्याकडे रोखून बघतो, डोकं वरखाली करतो, आणि मग दोघं मिळून ‘चिर्र-चिर्र, चिवक-चिवक’ असा कलकलाट सुरू करतात.

त्याच्याकडे बघताना चार गोष्टी मनात पक्क्या करा: डोक्यावरचे पांढरे ठिपके, पिवळे डोळे, डोळ्यांवरची पांढरी भुवई आणि पोटावरच्या तुटक तपकिरी रेघा. पुढे रानात दोन लहान घुबडं त्याच्याशी ताडून बघायची आहेत, म्हणून हा आराखडा डोळे मिटूनही दिसला पाहिजे. तो किती वाजता निघतो, कुठल्या फांदीवर आधी बसतो, रस्त्यावरच्या दिव्याखाली कुठले किडे टिपतो, हेही लिहून ठेवा.

एका झाडाखाली रोज उभे राहिलात की गावातलं कुणी ना कुणी येऊन सांगणारच, की घुबडाला दगड मारू नये; ते तो दगड उचलून पाण्यात घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणाराही झिजत जातो. तथ्य काही नाही. पण या समजुतीपोटी किती पिंगळे वाचले असतील, तेव्हा ती खोडून काढायची मला तरी घाई नाही.

पायरी दुसरी: कान तयार करा

आता रानाच्या कडेला जा. आत शिरू नका, डांबरी रस्ता किंवा शेताचा बांध पुरे. सूर्यास्ताच्या थोडं आधी पोचायचं, एका जागी बसायचं आणि बोलणं बंद. दुर्बीण पिशवीत राहिली तरी चालेल. फोनचा रेकॉर्डर चालू ठेवा आणि वहीत प्रत्येक आवाजापुढे चार नोंदी करा: वेळ, दिशा, सादेत किती तुकडे आहेत आणि दोन सादांमध्ये किती सेकंदांचं अंतर आहे. हे शेवटचं अंतर बरेच जण लिहीत नाहीत, आणि लहान घुबडं ओळखताना नेमकं तेच कामाला येतं.

सुरुवातीला जे घुबड वाटतं ते पुष्कळदा रातवा, म्हणजे नाइटजार हा वेगळाच पक्षी, निघतं. ‘चक-चक-चक-चकर्रर्र’ अशी जमिनीलगतून येणारी, शेवटी घरंगळत जाणारी साद रातव्याची. रात्रीच्या रस्त्यावर गाडीच्या दिव्यात निखाऱ्यासारखे लाल चमकणारे डोळेही बहुधा त्याचेच. तो वजा केला की मग घुबडांकडे वळा.

शिंगळा, म्हणजे इंडियन स्कॉप्स आउल, एकच ‘व्हट’ काढतो. काही सेकंद थांबून पुन्हा तेवढंच. पट्टी बदलत नाही, घाई नाही, आणि हे बराच वेळ चालतं. पाणथळ जागी बेडूक म्हणून सोडून द्याल असा आवाज. त्याचा भाऊबंद ओरिएंटल स्कॉप्स आउल तीन ठोक्यांत बोलतो, ‘टुक-टोक-टॉर’, आणि ती लय एकदा कानात बसली की विसरत नाही. आवाज न करता समोर बसले तर डोळे बघा: शिंगळ्याचे गडद तपकिरी, दुसऱ्याचे पिवळे.

कोकण, गोवा आणि घाटमाथ्याच्या गर्द झाडीत ‘ऊ-उक… ऊ-उक… ऊ-उक’ अशी जोडाजोडाने येणारी मऊ साद ऐकू येते. हे ब्राऊन बूबुक, जुन्या पुस्तकांतलं ब्राऊन हॉक-आउल. दिसायला घुबडापेक्षा शिकऱ्यासारखं: लांब पट्टेरी शेपूट, लहान डोकं, आणि घुबडाची ती ताटलीसारखी चेहरेपट्टी जवळजवळ नाहीच.

जंगली पिंगळा ‘प्राव… प्राव’ असं सावकाश सुरू करतो, मग वेग वाढवत नेतो आणि एकदम विरून जातो. तो सकाळी आठलाही बोलतो, ढगाळ दुपारीही.

मोठ्यांचे आवाज खोल असतात. शृंगी घुबड कड्यावर बसून ‘बू-बोऽऽ’ करतं, दुसरा तुकडा लांबलेला. मासेमार घुबड, ज्याला हुमा म्हणतात, ते पाण्याकाठी ‘हूऽम-हूऽम’ असा छातीतून आल्यासारखा घुमारा काढतं. दाट जंगलातलं तपकिरी वन घुबड आधी एक ‘हू’ टाकतं आणि मग घाईघाईने थरथरती माळ लावतं. आणि आमराईतून, जुन्या चिंचांमधून ‘चुहुऽऽआऽआऽऽ’ असा कापरा, चढता-उतरता आवाज आला तर तो ठिपकेदार वन घुबडाचा, मॉटल्ड वूड आउलचा. माझं मत विचाराल तर गावोगावच्या आमराईतल्या हडळींपैकी निम्म्या तरी याच पक्ष्याच्या खात्यावर जमा आहेत. गव्हाणी घुबड घुमत नाही. ते घसा खरवडल्यागत किंचाळतं आणि पिल्लं फुसकारतात, म्हणून लोकांना घराच्या माळ्यावर साप असल्याचा भास होतो.

हे सगळे आवाज झेनो-कँटो या संकेतस्थळावर फुकट ऐकायला मिळतात. घरी, हेडफोन लावून, दोन-दोन जातींच्या जोड्या करून ऐका. रानात मात्र स्पीकरवर लावायचे नाहीत. का ते पुढे येईल.

पायरी तिसरी: जागा वाचा

आवाज ओळखता येऊ लागले की डोंगर वेगळा दिसायला लागतो. कुठल्या वळणावर कोण भेटेल याचा आधीच अंदाज बांधता येतो.

घाटाच्या पूर्वेकडे, जिथे झाडी विरळ होऊन कडे, घळी आणि खडकाळ माळ सुरू होतो, तिथलं घर शृंगी घुबडाचं. अर्धा मीटर उंचीचा, नारिंगी डोळ्यांचा, डोक्यावर दोन ताठ तुरे असलेला पक्षी. हे तुरे म्हणजे पिसं आहेत, त्याचे खरे कान बाजूला पिसांखाली लपलेले असतात. घरटं असं काही बांधत नाही. कड्याच्या कंगोऱ्यावर, ओढ्याच्या दरडीत, कधी नुसत्या जमिनीवर खळग्यात अंडी घालतं. म्हणून हिवाळ्यात घळीतून चालताना पावलं जपून टाका. त्याच्या खाण्यात उंदीर-घुशी भरपूर असतात, हे शेतकऱ्याला सांगितलं की बोलणं लगेच जमतं. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीला इला फाउंडेशनने २०१८ साली घुबड महोत्सव भरवला होता, तो भाग नेमका असाच आहे.

मासेमार घुबडही तेवढंच मोठं आणि त्यालाही तुरे, त्यामुळे या दोघांत हमखास गोंधळ होतो. फरक पायात शोधा. शृंगी घुबडाच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात. मासेमाराचे पाय उघडे, कारण मासे, खेकडे, बेडूक पकडताना ओली पिसं अडचणीचीच. तुरे शृंगी घुबडाचे उभे, मासेमाराचे बाजूला कललेले आणि विस्कटलेले. आणि एक गंमत: घुबडं आवाज न करता उडतात असं आपण सगळीकडे वाचतो, पण मासेमार घुबड उडताना पंखांचा आवाज येतो. उंदराच्या कानाची धास्ती त्याला नाही. पाण्यातल्या माशाला वरचे पंख ऐकू येत नाहीत. धरणाच्या मागच्या बाजूला, बारमाही ओढ्याच्या काठी, मोठ्या जांभळी-करंजाच्या दाट फांदीत त्याला दिवसा शोधा.

कोयना, चांदोली, राधानगरी, आंबोली, खाली गोव्यात मोले आणि म्हादई हा गर्द जंगलाचा पट्टा. इथे तपकिरी वन घुबड असतं, पण ते दिसेलच अशी आशा धरू नका. गडद डोळे, तुरे नाहीत, चेहऱ्याभोवती काळसर कडा आणि अंगावर बारीक आडव्या रेघा. झाडाच्या खोडाला चिकटून अंग आवळून बसलं की लाकडाचा तुकडाच. ठिपकेदार वन घुबडाला असं गर्द रान नको असतं. त्याला गावकुसाची मोठी झाडं पुरतात, आणि त्याच्या चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्या रेघांची एकात एक वर्तुळं असतात.

पानझडीच्या जंगलात जंगली पिंगळा. अंगभर बारीक आडव्या पट्ट्या, डोक्यावरसुद्धा, म्हणून ठिपकेवाल्या गावच्या पिंगळ्याशी गल्लत होत नाही. दक्षिण कोकण-गोव्याकडे त्याचं डोकं अधिक तांबूस दिसतं.

हिवाळ्यात सडे आणि गवताळ माळ विसरू नका. आखूड कानाचं घुबड उत्तरेकडून पाहुणं येतं आणि झाडावर न बसता सरळ गवतात जमिनीवर बसतं. पायाखालून उडेपर्यंत कळत नाही.

पायरी चौथी: दिवसाच्या खुणा

मोठ्या झाडाखाली किंवा कड्याच्या पायथ्याशी चुन्याचे ओघळ दिसले तर मान वर करा. घुबड रोज त्याच फांदीवर झोपत असेल तर शिटीचे पांढरे पट्टे साचतात. त्यांच्या आसपास राखाडी, अंगठ्याएवढे गोळे सापडतील. घुबड भक्ष्य बहुतेकदा अख्खं गिळतं. हाडं, केस, किड्यांची कवचं पचत नाहीत, ती गोळा करून तोंडावाटे ओकून टाकतं. हे गोळे म्हणजे त्याच्या रात्रीच्या जेवणाचा हिशोब.

हातमोजे घालून दोन-तीन गोळे कागदात गुंडाळून आणा, घरी कोमट पाण्यात भिजवा आणि चिमट्याने सोडवा. उंदराची कवटी आणि पिवळसर पुढचे दात सहज ओळखू येतात. खेकड्याच्या कवचाचे तुकडे निघाले तर ते मासेमाराचं ठिकाण. लहान मुलांना या कामात पक्षी बघण्यापेक्षा जास्त मजा येते. अभयारण्यातून मात्र गोळासुद्धा उचलायचा नाही, तिथे फोटोवर भागवा.

दुसरी खूण म्हणजे पाखरांचा गोंगाट. बुलबुल, कोतवाल, सातभाई, शिंजीर सगळे एकाच झुडपाकडे तोंड करून ओरडत असतील तर आत साप असतो किंवा घुबड. त्यांच्या नजरेची दिशा पकडा आणि लांबूनच दुर्बीण लावा. ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरेशी आहे. कमी उजेडात तिचं भिंग चांगलं काम देतं.

पायरी पाचवी: रानपिंगळा

इथपर्यंत आलात की सातपुड्याचा विचार करा. मेळघाट, यावल, तोरणमाळ ही नावं जगभरच्या पक्षी बघणाऱ्यांना ठाऊक आहेत ती एका वीतभर घुबडामुळे: रानपिंगळा, म्हणजे फॉरेस्ट आउलेट.

या पक्ष्याचा पहिला नमुना १८७२ साली आजच्या छत्तीसगडातल्या भागात एफ. आर. ब्लेविट यांनी मिळवला आणि १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन करून त्यालाच ब्लेविटचं नाव दिलं. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर सगळं शांत. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या पक्षीशास्त्रज्ञांनीही शोधलं, हाती काही लागलं नाही. मध्ये एक घोटाळाही होता: ब्रिटिश अधिकारी रिचर्ड माइनर्ट्झहॅगन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ हा पक्षी मिळाल्याचा दावा केला होता. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी संग्रहालयातला तो नमुना तपासला, तेव्हा तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना चोरून, नवी चिठ्ठी लावलेला निघाला. खोटं ठिकाण वजा करून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट खऱ्या जुन्या जागांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार भागात शहाद्याजवळच्या सागाच्या रानात, दिवसाउजेडी, उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

नंतर तो सातपुड्यात आणखी ठिकाणी सापडला, आणि २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यात, म्हणजे सह्याद्रीच्या बाजूला. तरीही जागतिक यादीत तो संकटग्रस्तच आहे, कारण त्याला लागणारं मोठ्या ढोलीदार झाडांचं विरळ सागवनी रान तोडीत आणि अतिक्रमणात जातंय.

मेळघाटात पिंगळा, जंगली पिंगळा आणि रानपिंगळा तिघंही असतात, म्हणून पहिल्या पायरीवरचा आराखडा आता बाहेर काढा. डोक्यावर ठिपके ठळक असतील तर पिंगळा. डोक्यावर आडव्या पट्ट्या असतील तर जंगली पिंगळा. डोकं जवळजवळ कोरं राखाडी-तपकिरी, शरीराच्या मानाने मोठं. छातीवर सलग तपकिरी रंग आणि त्याखाली पोट स्वच्छ पांढरं. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पाय आणि बोटं दाट पिसांनी झाकलेली: असा पक्षी सकाळच्या उन्हात सागाच्या वाळक्या फांदीवर बसून शेपटी झटकत खाली पालापाचोळ्यात सरडे-सापसुरळ्या हेरत असेल, तर तो रानपिंगळा. एकाच खुणेवर निकाल देऊ नका, निदान तीन जुळल्या पाहिजेत. आणि स्थानिक कोरकू वाटाड्या बरोबर घ्या. कुठल्या नाल्यावर कधी काय बसतं हे त्याला पुस्तकाविना ठाऊक असतं.

परवानगी आणि पायाखालची काळजी

राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात सूर्यास्तानंतर विनापरवाना फिरणं गुन्हा आहे, ‘रस्त्यावरच उभा होतो’ ही सबब चालत नाही. हद्दीबाहेरचे रस्ते आणि गावशिवार भरपूर आहेत, तिथेच थांबा. एकटे जाऊ नका, पोलीस पाटलांना किंवा ज्यांच्या शेताजवळ बसणार त्यांना आधी सांगा. अंधारात दुर्बिणी घेऊन बसलेल्या अनोळखी माणसांबद्दल गावाला शंका येणं रास्तच आहे.

राधानगरी-दाजीपूर, आंबोली या बाजूला रात्रीच्या रस्त्यावर गव्यांचा कळप उभा असतो. माझ्या मते बिबट्यापेक्षा त्यांचीच धास्ती जास्त बाळगावी. हॉर्न वाजवू नका, दिवे मंद करून थांबा. घोट्याच्या वर येणारे बूट आणि लांब पँट घाला. कोकणात खडकाळ सड्यावर फुरसं सगळीकडे असतं. आणि गोचिडी. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे आणि गोव्यात सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, तो गोचिडीतून पसरतो. पँट मोज्यात खोचा, अंगाला प्रतिबंधक लावा, पालापाचोळ्यात बसू नका, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंग नीट तपासा. ताप आला तर जंगलात गेल्याचं डॉक्टरांना सांगा.

पक्ष्याला त्रास होणार नाही असं

रेकॉर्ड केलेली साद लावली की घुबड बऱ्याचदा समोर येतं, हे खरं आहे. पण ते येतं हद्दीत दुसरा घुसला असं समजून. शिकार सोडून, कधी अंडी सोडून. दर शनिवार-रविवारी दहा जण त्याच ओढ्यावर स्पीकर लावू लागले तर त्या जोडीचं काय होणार ते उघड आहे. म्हणून नाही म्हणजे नाही. उजेडाचंही तेच: बॅटरी पायाखाली बघण्यापुरती, शक्यतो लाल कागद लावलेली. तोंडावर झोत टाकायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. घुबड अंग आवळून सडपातळ झालं किंवा पिसं फुलवून चोच वाजवू लागलं, तर तुम्ही जास्त जवळ गेला आहात. मागे सरा.

नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जरूर टाका, पण घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर नको. फोटोग्राफरांची झुंबड हे एक कारण. दुसरं अधिक वाईट. जादूटोण्यासाठी घुबडं पकडून विकली जातात आणि दिवाळीच्या आसपास ही चोरटी विक्री वाढते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं, पाळणं, विकणं, त्याची नखं-पिसं बाळगणं हे सगळं गुन्ह्यात येतं. असं काही दिसलं तर स्वतः वाद न घालता महाराष्ट्रात वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

जखमी घुबड किंवा पिल्लू सापडलं तर

घुबडं बघतो असं एकदा लोकांना कळलं की असे फोन येतातच, तेव्हा ही तयारी असू द्या. संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकलेली गव्हाणी घुबडं सगळ्यात जास्त. मांजा ओढू नका. दोरा कापा आणि पंखात रुतलेला भाग तसाच ठेवा. मागून जाड टॉवेल टाकून पंख अंगालगत धरा आणि पाय सांभाळा, कारण घुबडाची नखं चोचीपेक्षा जास्त इजा करतात. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाला कापड घालून ठेवा, झाकण बंद, खोली शांत. दूध, भात, पोळी काही नको आणि चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

पिल्लू जमिनीवर दिसलं आणि जखम नसेल तर बहुतेकदा उचलून आणायची गरज नसते. पिंगळ्याची पिल्लं नीट उडता येण्याआधीच ढोलीतून बाहेर पडतात. जवळच्या फांदीवर किंवा त्याच ढोलीत ठेवा, कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा आणि अंधार पडल्यावर दुरून बघा. आई-बाप येऊन भरवतात. माणसाचा हात लागला म्हणून ते पिल्लू टाकत नाहीत. रात्रभर कुणी आलंच नाही तर सकाळी वनखात्याला फोन करा. ठिकाण, पक्ष्याचा अंदाजे आकार आणि तो कुठल्या झाडाखाली सापडला ते सांगा. ती जागा वहीतही लिहून ठेवा, कारण बरा झालेला पक्षी शक्यतो संध्याकाळी आणि जिथून उचलला तिथेच सोडायचा असतो.